गीतपुस्तकं कपाटात, पडदा समोर: मंडळी गाते की बघते?

मागचा बाक
आमच्या चर्चच्या मंडळीने दोन वर्षांपूर्वी गीतपुस्तकं कपाटात टाकली आणि भिंतीवर गीतांचे शब्द दाखवणारा पडदा लावला. तेव्हापासून माझं अल्टो, म्हणजे बायकांचा खालचा सूर, बंद. पुस्तकात एकत्र गायच्या चारही आवाजांचं स्वरलेखन असायचं. चाल अनोळखी असली तरी दुसऱ्या कडव्यापर्यंत आपली जागा सापडायची. आता नुसते शब्द, तेही दोन-दोन ओळींचे. सगळे एकच चाल धरतात, ती वर चढली की पुरुष गप्प. पडद्याने आम्हाला प्रेक्षक केलंय.

गिटारवाला
स्वरलेखन वाचता येणारे तुमच्याकडे किती जण होते, खरं सांगा! आणि पुस्तक काही पहिल्या दिवसापासून नव्हतं. जर्मन धर्मसुधारक लूथरच्या चळवळीचं पहिलं गीतपुस्तक १५२४ चं, त्यात गीतं आठ. १६४५ च्या वेस्टमिन्स्टर डिरेक्टरीत, म्हणजे उपासना कशी करावी ते सांगणाऱ्या इंग्रजी पुस्तकात तर, बऱ्याच जणांना वाचता येत नाही म्हणून एकाने ओळ म्हणावी आणि बाकीच्यांनी ती मागून गावी, अशी सोय आहे. स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतल्या मंडळ्यांमध्ये स्तोत्रं आजही तशीच गातात. हातात पुस्तक नसतानाही ते गाणं अंगावर येतं. पडद्याकडे बघताना निदान माना तरी वर असतात. पुस्तकात तोंड घालून पुटपुटण्यापेक्षा ते बरं.

मागचा बाक
वाचता न येणाऱ्यांचाच विचार करून अमेरिकेत आकारांचे स्वर निघाले की, खुणेच्या आकारावरूनच स्वर कळावा असे! त्रिकोण, गोल, चौकोन, हिरा. १८४४ चं 'द सेक्रेड हार्प' हे गीतपुस्तक तसंच छापलेलं आहे. गाणारे चौकोन करून एकमेकांकडे तोंड करून बसतात. चारही बाजूंना गाणारेच, ऐकायला म्हणून वेगळं कोणी नाही. म्हणजे लोकांना येत नाही तर शिकवा, ही एक वाट होती. आपण काढून टाकण्याची धरली.

ऑर्गनपाशी
मी वाजवणारा, म्हणून मधे पडतो. पडद्याला उगाच शिव्या देताय. रेकॉर्डिंगमधल्या एकट्या गायकाच्या पट्टीत गाणं घेतलं तर मंडळी गाणार कशी? दोन सूर खाली घ्या, स्पीकर कमी करा, मग बघा. मागे एकदा शेवटच्या कडव्याला मी ऑर्गनवरून हात उचलले. पहिली ओळ चाचपडत गेली, तिसरीला छप्पर भरलं. त्या दिवशी पडदाच होता.
पुस्तकाचं एक मात्र मान्य. चालीखाली ८.६.८.६ असे आकडे असतात, ओळीओळीत किती अक्षरं (सिलॅबल) बसतात त्याचे. आकडे जुळले की शब्द दुसऱ्या चालीवर नेता येतात. पडद्यावर ते नसतं, आणि पाचांपैकी कोणती दोन कडवी गाळली तेही कळत नाही.

गिटारवाला
गाळणं-बदलणं पुस्तकवाल्यांनीच शिकवलं. मेथडिस्ट पंथाच्या जॉन वेस्लीने १७८० च्या गीतसंग्रहाच्या प्रस्तावनेत बजावलं, आमची गीतं छापा, पण सुधारू नका. स्वतः मात्र आयझॅक वॉट्स या इंग्रज गीतकाराच्या गीताची सुरुवात बदलून बसला होता!

मागचा बाक
बदलली, पण छापून बदलली. दोन प्रती शेजारी ठेवल्या की फरक दिसतो. पडद्यावरचं गेल्या रविवारचं कडवं आज कुठे शोधू?
पट्टीचं पटलं. ऑर्गनपाशी, कपाटाची किल्ली कोणाकडे असते?

ऑर्गनपाशी
माझ्याकडेच. अर्धा तास आधी या.