कोलाडला राफ्टिंग, बायकोला पोहता येत नाही, न्यावं का?

सोलापूरकर८८: नमस्कार मंडळी, ऑगस्टमध्ये आम्ही सोलापूरहून बारा जण कोलाडला चाललोय, कुंडलिका नदीत राफ्टिंग करायचंय. मी लहानपणी पाठीला डबा बांधून गावच्या विहिरीत पोहायला शिकलोय त्यामुळं माझं काही नाही, पण बायकोला अजिबात पोहता येत नाही आणि ती यायचंच म्हणतीय. नेऊ का नको? कोण जाऊन आलं असेल तर सांगा की.

भीमाकाठचा: न्या की. पण तिच्यापेक्षा मला तुमचीच काळजी वाटतीय, खरं सांगतो. विहिरीतलं पाणी थांबलेलं असतं ओ, चार हात मारले की काठ. कुंडलिकेला वरनं भिऱ्याच्या वीजघराचं सोडलेलं पाणी येतं, म्हणून तर राफ्टिंग सकाळी असतं, त्या ओढीपुढं विहिरीतलं पोहणं चालत नाही. पोहता येणारा पडला की आधी पाय टेकून उभं राहायला बघतो आणि तिथंच घात होतो, पाय दगडांच्या फटीत अडकला की मागनं पाणी रेटतं आणि कमरेएवढ्या पाण्यातसुद्धा माणूस तोंडावर पडतो, मग उठता येत नाही. त्यामुळं पडलात तर लगेच उताणं व्हायचं, पाय पुढं वाहत्या दिशेला, चवडे पाण्याच्या वर दिसले पाहिजेत. पाणी अगदी उथळ झाल्याशिवाय उभं राहायचंच नाही. फक्त पुढं आडवं पडलेलं झाड दिसलं तर जीव खाऊन बाजूला पोहायचं, फांद्यांतनं पाणी जातं, माणूस अडकतो.

उजनीची_लेक: मला पोहता येत नाही तरी दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा लाईफ जॅकेट ढिलं होतं, पडले तर ते वर सरकून तोंडावर आलं आणि मला काही दिसेचना, अजून आठवलं की धस्स होतं. सगळे पट्टे आवळा आणि दुसऱ्याला खांद्याला धरून वर ओढायला सांगा, कानापर्यंत आलं तर परत आवळा, लाजू नका. हेल्मेटचा पट्टा पण. वल्ह्याच्या टोकाची टी-आकाराची मूठ सोडायची नाही, शेजारच्याच्या दातावर बसते. आणि गाईडला आधीच सांगा हिला पोहता येत नाही, म्हणजे तो जवळ बसवतो.

सोलापूरकर८८: ताई, आणि बोटीखालीच गेलो तर?

उजनीची_लेक: हात वर करून बोटीच्या तळाला लावायचे आणि एकाच दिशेनं सरकत राहायचं, कड येतीच. गाईडनं दोरी टाकली तर छातीशी धरायची, हाताला गुंडाळायची नाही. वहिनींना चष्मा असेल तर त्याला दोरी लावा.

सोलापूरकर८८: चष्मा मलाच आहे. उभं राहायचं नाही हे तर मला माहीतच नव्हतं, मी नक्की उभा राहिलो असतो. आता बाराही जणांना हे वाचायला लावतो.