फुटबॉल, बास्केटबॉल, जिमखाना आणि तिकिटंही: एकाच माणसाने सगळं करावं का?

मैदानी
अमेरिकेतले बास्केटबॉल कोच क्लॅरेन्स गेन्स यांच्याबद्दल बरेच दिवस लिहायचं होतं. कॉलेजात दाखल झाले तेव्हा कुणीतरी त्यांना पाहून म्हणालं, तुझ्याहून मोठं मी फक्त घरच पाहिलंय. तेव्हापासून जन्मभर ते 'बिग हाउस' गेन्स. रसायनशास्त्रात पदवी घेतली, बेत दंतवैद्य व्हायचा होता. मधल्या काळात सहायक कोच म्हणून ते अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलायनात विन्स्टन-सेलम टीचर्स कॉलेजात गेले. कृष्णवर्णीय मुलांचं छोटंसं कॉलेज. १९४६ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, अमेरिकन फुटबॉलचा मुख्य कोच, बास्केटबॉलचा मुख्य कोच, क्रीडा संचालक, दुखापती बघणारा ट्रेनर आणि तिकिटांचा व्यवस्थापक अशी पाचही कामं त्यांच्या एकट्याच्या गळ्यात पडली. निवृत्त झाले १९९३ मध्ये, त्याच कॉलेजातून. बास्केटबॉलमध्ये ८२८ विजय.

माझं म्हणणं सरळ आहे. छोट्या कॉलेजला असाच माणूस लागतो. मुलगा मैदानात कसा पळतो, हॉस्टेलात काय खातो, कुठल्या विषयात मागे पडलाय, हे सगळं एकाच डोक्यात असलं की मुलगा हरवत नाही. कामं वाटून दिली की प्रत्येकाला त्याचा एकेक तुकडाच दिसतो.

नेटजवळची
मैदानी, मला हे अजिबात पटत नाही. पाच कामं एकाकडे आली ती कॉलेजकडे पैसा नव्हता म्हणून. वर्णभेदाच्या काळात त्या राज्यातल्या गोऱ्यांच्या विद्यापीठांना जे मिळत होतं, ते या कॉलेजांच्या वाट्याला येत नव्हतं. त्या अन्यायाला आपण आदर्श म्हणायचं?

आणि ट्रेनरचं काम त्यात धरलंत, तिथे मी अडले. मी कॉलेजात व्हॉलीबॉल खेळायचे. आमचे सर मूळचे क्रिकेटचे, माणूस अतिशय प्रेमळ. ब्लॉक करून उतरताना माझा गुडघा फिरला. सर म्हणाले, बर्फ लाव, क्रेप बँडेज बांध, दोन दिवसांत उभी राहशील. आठव्या दिवशी मी सामना खेळले. लिगामेंट तुटलं होतं, ते पाच महिन्यांनी कळलं. सरांना मुद्दाम काही करायचं नव्हतं. त्यांना ते माहीतच नव्हतं. मला 'अख्खी' ओळखणारे सर होते हो, गुडघा ओळखणारं कुणी नव्हतं.

फक्कीवाला
ताई, तुमचा गुडघा वाचून वाईट वाटलं. मी तालुक्याच्या कॉलेजात सव्वीस वर्षं शारीरिक शिक्षण संचालक आहे. कबड्डी, खो-खो, ॲथलेटिक्स, बुद्धिबळ, सगळं माझ्याकडे. सकाळी मैदान आखून फक्की मारायची, दुपारी टीए-डीएची बिलं, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा असली की बारा मुलं घेऊन एसटी. बुद्धिबळात मला घोडा अडीच घरं चालतो, त्यापलीकडे फारसं कळत नाही. तरी त्या संघाचा व्यवस्थापक मीच.

पण मैदानींच्या बाजूने एक सांगतो. गेल्या वर्षी एक मुलगी सराव सोडून जायला लागली. बापाने लग्न ठरवलं होतं. ते मला कळलं, कारण परीक्षेचा फॉर्म भरला नाही हेही मीच बघतो. घरी गेलो, दोन तास बसलो. ती आता तिसऱ्या वर्षाला आहे. बाहेरून आलेल्या तज्ज्ञ कोचला हे कोण सांगणार होतं?

नेटजवळची
सर, तुमच्याबद्दल आदरच आहे. पण तुमच्या चांगुलपणावर कॉलेज एक फिजिओ, दोन कोच आणि एक कारकून वाचवतंय. उद्या तुम्ही निवृत्त झालात की ती व्यवस्था शून्यावर येईल.

गेन्स यांचंच उदाहरण घ्या ना. फुटबॉलची जबाबदारी त्यांनी १९४९ नंतर सोडली. बास्केटबॉलमधलं परिषदेचं, म्हणजे त्यांच्या कॉलेजांच्या गटाचं, पहिलं विजेतेपद आलं १९५३ मध्ये. ओझं उतरल्यावर!

मैदानी
१९४९चा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. दोन मोठे संघ एकाने सांभाळू नयेत, एवढं मी मागे घेतो. ट्रेनरचंही मागे घेतो.

पण अर्ल मन्रोकडे बघा. हा पुढे एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, मोठा खेळाडू झाला. गेन्सकडे आला तेव्हा पहिल्या वर्षी सामन्यामागे सरासरी ७.१ गुण. मग २३.२, मग २९.८ आणि शेवटच्या वर्षी ४१.५. त्याच १९६७ मध्ये संघाने ३१ सामने जिंकले, एकच हरला, आणि एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या 'कॉलेज विभागा'चं, म्हणजे छोट्या कॉलेजांच्या गटाचं, राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. कृष्णवर्णीयांच्या कॉलेजला एनसीएएचं बास्केटबॉलमधलं विजेतेपद तोवर कधीच मिळालं नव्हतं. चार वर्षांचा असा हिशेब तोच करतो ज्याला कुठेच जायचं नसतं. दोन वर्षांच्या करारावर आलेला कोच सात गुणांच्या पोराची वाट बघत बसत नाही.

पूर्वकिनारा
मी उत्तर कॅरोलायनात राहतो, म्हणून एक भर. वाट बघणं हा स्वभाव असेल, पण दुसरीकडे जायला दार तरी कुठे होतं? कृष्णवर्णीय कोच जॉन मॅकलेंडन यांनी टेनेसी ए अँड आय या कृष्णवर्णीयांच्याच कॉलेजला १९५७, ५८, ५९ अशी सलग तीन एनएआयए (छोट्या कॉलेजांची वेगळी संघटना) बास्केटबॉल विजेतेपदं मिळवून दिली. तरी तेव्हा गोऱ्यांच्या मोठ्या विद्यापीठांनी कृष्णवर्णीय कोचला संघ दिला नाही. पुढे त्याच विद्यापीठांनी कृष्णवर्णीय खेळाडू घ्यायला सुरुवात केली आणि दुसरा मन्रो छोट्या कॉलेजांकडे येणं अवघड झालं. गेन्स यांची शेवटची वर्षं पराभवांची होती, त्याचं मोठं कारण मला हेच वाटतं. निष्ठा त्यांची खरी होती, पण तिला आपण निवड म्हणतो तेव्हा अर्धं लपवतो.

फक्कीवाला
हे मला लागू आहे. मलाही दुसरीकडून कधी विचारणा आली नाही. आली असती तर गेलो असतो का, प्रामाणिकपणे, कदाचित हो.

ताई, प्राचार्यांकडे फिजिओसाठी अर्ज देतोय. पूर्ण वेळ मिळणार नाही, आठवड्यातून दोन दिवस तरी मागतो. तुमच्या गुडघ्याचा प्रसंग नाव न घालता अर्जात लिहिला तर चालेल का?

नेटजवळची
चालेल, सर. उजवा गुडघा, आणि पाच महिने उशीर. तेवढं नक्की लिहा.