अनुभव धागा: रॉक क्लायम्बिंग शिकताना

डिसेंबर आला की सह्याद्रीत क्लायम्बिंगचा सीझन रंगात येतो आणि कोणी ना कोणी विचारतंच, चाळिशीत सुरू केलं तर जमेल का, हातात ताकद नाही तर चालेल का, बूट कोणते घ्यायचे. म्हणून हा धागा. सुरुवातीच्या दिवसांत काय कळलं, कशाची भीती वाटली, सगळं लिहा. पहिला अनुभव माझाच.

मी मुंब्र्याच्या कातळावर शिकले, वय 38. पहिल्या रविवारी अर्ध्यातच दोन्ही हात भरून आले, बोटं उघडेनात, खालून शिकवणारे दादा ओरडले, "ताई, हात राहू द्या, पाय बघा!" खाली बघितलं तर गुडघ्याजवळ दोन बोटं रुंदीची छान खाच होती आणि मी नुसती हातांवर लोंबकळत होते. बुटाचं टोक त्यात घातलं, टाच जरा खाली सोडली, कोपर सरळ केलं, आणि हातावरचा भार एकदम उतरला. तेव्हापासून आधी पायाची जागा, मग हात. ताकदीचं विचारणाऱ्यांना माझं हेच उत्तर आहे.

~

मी उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूटचा गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केलाय. बर्फावर जायच्या आधी जवळच्या टेखल्याला रॉकवर सराव असतो. रोज रात्री रूमवर आम्ही डोळे मिटून फिगर एट, म्हणजे इंग्रजी आठच्या आकाराची दोराची गाठ, बांधायचो, दोर एकमेकांवर चढता कामा नये आणि शेपूट वीतभर तरी उरलं पाहिजे. अजूनही चढायच्या आधी स्वतःची गाठ बघतो, मग पार्टनरची.

~

वरच्या गाठीच्या मुद्द्याला जोडून सांगते. एका वर्कशॉपला तीस जण आणि शिकवणारे दोनच, माझा बिले, म्हणजे खालून माझा दोर सांभाळायचं काम, एका नवीन मुलाला दिलेला, तो कोणाशी तरी बोलत बसला आणि दोर ढिला पडला. हात सुटला तशी मी पाच-सहा फूट खाली आले, गुडघा फुटला. त्या मुलावर राग नाही, पण ज्यांनी पैसे घेतले त्यांच्यावर आहे. कृपा करून नाव नोंदवायच्या आधी विचारा की किती जणांमागे किती इन्स्ट्रक्टर आहेत आणि बिले कोण करणार. आपला जीव त्या माणसाच्या ब्रेकच्या, म्हणजे दोर अडवून धरणाऱ्या, हातात असतो, तो हात दोरावरून क्षणभरही सुटता कामा नये.

~

मी बदामीला शिकलो, तिथला वालुकाश्म हाताला खरखरीत लागतो, दोर अडकवायला बोल्टही मारलेले, त्यामुळे मन लवकर मोकळं झालं. मग सह्याद्रीतल्या तैलबैल्याच्या कातळभिंतीवर गेलो आणि कळलं की आपला बेसॉल्ट वेगळा आहे. लाव्हाचे थरावर थर, मधे ठिसूळ पट्टे, हातात आलेला होल्ड, म्हणजे पकडायचा दगड, सुटूनही येतो. होल्डवर वजन टाकायच्या आधी बुक्कीनं ठोकून बघायचं, पोकळ आवाज आला तर सोडून द्यायचा. दगड निसटला की जोरात "स्टोन!" ओरडायचं, खालच्यांनी वर बघायचं नाही, कातळाला चिकटायचं. आणि आग्या मोहोळ असेल त्या बाजूला जायचंच नाही, अत्तर-डिओ मारून तर अजिबात नाही.

~

वय 52, पुण्यात आर्टिफिशियल वॉलवर दोन महिने जातेय. मुलीनं हार्नेस, म्हणजे दोर जोडायचा कमरेचा पट्टा, बांधून दिला तेव्हा माझे हात थरथरत होते. परवा पहिल्यांदा अगदी वर, दोर जिथे अडकवलेला असतो त्या अँकरला हात लागला, "टेक" (दोर ताणून धर) म्हटलं, दोर ताणला गेला आणि मी मागे रेलून बसले. बुटांचं कोणीतरी विचारलं होतं, सुरुवातीला भाड्याचेच घ्या, मी अजून तेच वापरते.