मदत हवी आहे: चिरे वाहणाऱ्या पिकअपला मागचे टायर कोणते घ्यावेत? (गोवा)

नमस्कार मंडळी,

सत्तरी तालुक्यात आमची १.३ टनाची पिकअप आहे. गाडी धाकटा भाऊ चालवतो, हिशेब आणि खरेदी माझ्याकडे. मिरग लागायच्या आत मागचे दोन्ही टायर बदलायचे आहेत. दोन दुकानांत दोन टोकाचे सल्ले मिळाले, म्हणून इथे विचारते आहे.

आधी गाडीचं काम सांगते. पाऊस नसताना मुख्य भाडं चिऱ्यांचं, म्हणजे बांधकामाच्या जांभ्या दगडाचं. खाणीवर भरायचे आणि फोंडा, म्हापसा, कधी पर्वरीच्या बांधकामावर उतरवायचे. खाणीतली वाट म्हणजे लाल माती आणि धारदार कपच्या, पुढे सगळं डांबरी. पावसात चिऱ्यांचं काम थांबतं, मग चोर्ला घाटातून बेळगावची भाजी. चवथीपर्यंत तेच चालतं.

मागच्या उजव्या टायरला आतल्या बाजूने, पाट्यांकडे (स्प्रिंगच्या पट्ट्यांकडे), लिंबाएवढा फुगा आला आहे. बाहेरून टायर अगदी ठीक दिसतो, नक्षीही बरीच शिल्लक आहे. भाऊ पाटे बघायला गाडीखाली शिरला आणि हात लागला, म्हणून कळलं. तेव्हापासून गाडी उभीच आहे. चोर्ल्याच्या उतारावर भरल्या गाडीचा तो टायर फुटला असता तर, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

माप २१५/७५ आर १५. साईडवॉलवर (टायरच्या बाजूवर) ८ पीआर, म्हणजे प्लाय रेटिंग, थरांच्या मजबुतीचा आकडा आहे आणि लोड इंडेक्स, म्हणजे एक टायर किती वजन पेलतो त्याचा सांकेतिक आकडा, १०६. एक दुकानदार म्हणतो, चिऱ्यांच्या गाडीला नायलॉनच (आडव्यातिडव्या नायलॉन धाग्यांचा टायर) घाला, कपची लागली तरी लवकर फाटत नाही. दुसरा म्हणतो रेडियलच (धागे सरळ आडवे आणि वर तारेचा पट्टा असलेला), पण जास्त प्लायचा, आणि नक्षी पूर्ण लगची, म्हणजे जाड आडव्या ठोकळ्यांची. ओळखीचे एक जण तर रिट्रेड (जुन्या टायरवर नवं रबर चढवलेला) घ्या म्हणाले, निम्म्या खर्चात काम होईल. उसगावला एमआरएफचा कारखाना असल्यामुळे आमच्याकडे सगळे तेच नाव घेतात, पण मला कंपनीच्या आधी टायरचा प्रकार ठरवायचा आहे. पैसे जपून वापरावे लागतात हे खरं, तरी भावाच्या जिवापुढे मी ते बघणार नाही. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १

ताई, गाडी उभी ठेवलीत ते फार चांगलं केलंत. फुगा आला म्हणजे आतले धागे तुटले, तिथे हवेला नुसतं रबर अडवून धरतंय. त्यावर दुरुस्ती नाही. तो टायर स्टेपनीलाही ठेवू नका.

नायलॉन की रेडियल हे नंतर, आधी वजन बघा. स्टेपनी लावून, नेहमीचा माल भरून गाडी वजनकाट्यावर न्या आणि फक्त मागची चाकं काट्यावर घ्या. पिकअपमध्ये मालाचा बहुतेक भार मागेच येतो. समजा मागे १,९०० किलो भरले, तर एका टायरवर ९५०. लोड इंडेक्स १०६ म्हणजे नेमके ९५० किलो, हाताशी काहीच उरत नाही. वळणावर बाहेरच्या चाकावर आणखी भार झुकतो तो वेगळाच. १०८ म्हणजे १,००० किलो, ११० म्हणजे १,०६०, ११३ म्हणजे १,१५०. त्याच मापात ११० किंवा वरचा मागा. पीआरच्या आकड्यावर विसंबू नका. दोन ८ पीआर टायरांचा लोड इंडेक्स वेगळा असू शकतो.

चिऱ्यांबद्दल मला विशेष सांगायचं आहे. चिरे मोजून भरतात, तोलून नाही. एक चिरा साधारण २५ ते ३० किलोचा, आणि जांभा पाणी पितो. २८ किलोचे ४५ चिरे म्हणजे १,२६० किलो, म्हणजे तुमच्या गाडीच्या मर्यादेत. वळवाची एक सर येऊन गेली आणि चिऱ्यामागे तीन किलो पाणी धरलं, की त्याच ४५ चिऱ्यांत १३५ किलो वाढले. भरताना डोळ्यांना फरक दिसत नाही, टायरला मात्र तो सोसावा लागतो. ओला माल असेल तर चिरे कमी घ्या.

आणि जास्त लोड इंडेक्सचा टायर घातला म्हणून गाडीची क्षमता वाढत नाही. ॲक्सल, पाटे, ब्रेक, रिम तेच राहतात.

प्रतिसाद २

मी बरीच वर्षं बेळगाव लाइनवर गाडी चालवतो. नायलॉन दणकट असतो हे खरं, खाणीतल्या खाणीत हळू फिरणाऱ्या गाडीला चालतो. पण भरल्या गाडीने लांब पल्ल्याला तो जास्त तापतो. तुमचं काम बहुतेक डांबरावर आणि घाटात, म्हणून रेडियल घ्या. मागे सेमी-लग (मधे उभ्या रेघा, कडेला ठोकळे), पुढे रिब (नुसत्या उभ्या रेघांची नक्षी). पूर्ण लगच्या नक्षीचं रबर डांबराला कमी टेकतं, पावसात ब्रेक मारताना ते जाणवतं आणि झिजही जास्त. मागची जोडी एकाच कंपनीची, एकाच नक्षीची. एका ॲक्सलवर नायलॉन आणि रेडियल कधीच नको.

घाटाच्या गाडीला रिट्रेड मी घेणार नाही. वरचं रबर नवं असतं, सांगाडा जुनाच.

घेताना साईडवॉलवरचे चार आकडे वाचा. २३२४ असेल तर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. हवा सकाळी टायर थंड असताना बघा, तापलेल्या टायरची हवा सोडू नका. बहुतेक टायर कमी हवेवर भार ओढल्याने तापून फुटतात. एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत: साधा रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतचाच असतो. नव्या टायरला त्याहून जास्त हवा लागणार असेल तर धातूचा व्हॉल्व्ह बसवून घ्या.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल काट्यावर नेली. नेहमीच्या भरतीला मागे १,९६० किलो आले, म्हणजे एका टायरवर ९८०. भाऊ काट्याची पावती हातात धरून बराच वेळ बघत राहिला, आणि चाळीसच्या वर चिरे घेणार नाही असं त्यानेच सांगितलं. गिऱ्हाइकाशी दराचं बोलणं मी करते.

आता ११० च्या वरचा रेडियल, सेमी-लग, धातूच्या व्हॉल्व्हसह बघते आहे. एकच शंका उरली आहे. रिम जुनी आहे, तिच्यावर मापाशिवाय काही वाचता येत नाही. तेवढी हवा तिला सोसेल का, हे टायर घालण्याआधी कुठून तपासून घ्यावं? फोंडा किंवा डिचोली भागात कोणी रिम नीट बघून देत असेल तर कृपया कळवा.