वेगवेगळ्या पिढ्यांचे प्रोसेसर एकाच प्रॉक्समॉक्स क्लस्टरमध्ये चालतील का?

प्रश्न: आमच्या प्रॉक्समॉक्स क्लस्टरमध्ये (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेले संगणक, चालवणाऱ्या जोडलेल्या सर्व्हरांच्या गटात) इंटेलच्या जुन्या ब्रॉडवेल पिढीचे दोन झिऑन सर्व्हर आहेत आणि आता नव्या कॅस्केड लेक पिढीचा तिसरा येत आहे. चालू व्हर्च्युअल मशीन न थांबवता एकावरून दुसऱ्यावर हलवता येतील का?

उत्तर १: येतील, मात्र मशीनचा सीपीयू प्रकार ‘होस्ट’ (म्हणजे सर्व्हरचा खरा प्रोसेसर जसाच्या तसा दाखवणे) ठेवू नका. तसे केल्यास नव्या सर्व्हरवर सुरू झालेल्या मशीनला एव्हीएक्स-५१२ (प्रोसेसरच्या खास सूचनांचा संच) दिसेल, आणि त्या सूचना वापरणारा प्रोग्रॅम ब्रॉडवेलवर हलवताच कोसळू शकेल, कारण तिथे त्या सूचनाच नाहीत. ‘एक्स८६-६४-व्ही३’ हा ठरावीक सूचनाच दाखवणारा सीपीयू प्रकार निवडा, त्यातील एव्हीएक्स२ हा जुना सूचनासंच तिन्ही सर्व्हरांवर आहे. व्हीएमवेअर या दुसऱ्या प्रणालीतील ईव्हीसी ही सोय हेच काम संपूर्ण क्लस्टरसाठी करते.

उत्तर २: प्रकार बदलल्यावर मशीन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावे लागते, आतून रीबूट केल्याने क्यूईएमयूची (मशीन प्रत्यक्ष चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) जुनी प्रक्रियाच चालू राहते. हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. चौथा सर्व्हर एएमडीचा घेतला तर?

उत्तर १: बंद मशीन सहसा हलवता येतात, परंतु इंटेल आणि एएमडी यांच्यातील चालू स्थलांतरावर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शक्य असल्यास त्याचा क्लस्टर वेगळाच ठेवा.