मदत हवी: गिरणी लावली की इन्व्हर्टर बंद पडतो. बॅटरी बँकेला वायर कितीची टाकावी?

ढाळजकर
नमस्कार मंडळी. गाव औसा तालुक्यात, जुना वाडा. डीपी जळाली की किती दिवस अंधारात काढायचे याचा नेम नाही, म्हणून दोन वर्षांपूर्वी सोलर केलं. पॅनल गोठ्याच्या पत्र्यावर (घराच्या मातीच्या छतावर, माळवदावर, वजन नको), 150 एएचच्या चार ट्यूब्युलर बॅटऱ्या ढाळजेत (वाड्याच्या दारालगतच्या ओसरीत) आणि 2 केव्हीए, 24 व्होल्टचा इन्व्हर्टर माजघरात. आईला ॲसिडचा वास आत नको होता, त्यामुळे मधे सात मीटर वायर गेली.

जोडणी अशी: दोन-दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, त्या दोन जोड्या पॅरलल. इन्व्हर्टरचे प्लस-मायनस दोन्ही दाराजवळच्या जोडीवरूनच काढलेत. वायर 16 स्क्वेअर एमएमची, असं बसवणारा म्हणाला होता.

पंखे, टीव्ही, फ्रिज निवांत चालतात. 1 एचपीची घरगुती गिरणी लावली की मात्र लो बॅटरी दाखवून सगळं बंद. चार-पाचदा खटाटोप केला तर एकदा चालू होते. वायरच्या टोकाला बसवलेली धातूची टोपी, थिंबल, इतकी तापते की बोट ठेववत नाही. शिवाय दाराजवळच्या दोन बॅटऱ्यांचं पाणी भराभर आटतं, आतल्या दोघींना फारसं लागतच नाही. बसवणाऱ्याला फोन केला तर म्हणे, बॅटऱ्या गेल्या, नव्या घ्या. खरंच गेल्यात का?

मांजराकाठचा
दादा, बॅटऱ्या घ्यायची घाई करू नका. गिरणी चालू झाली की मल्टिमीटरने आधी बॅटरी बँकेच्या दोन टोकांना व्होल्ट बघा. टोचणी थिंबलवर नको, शिशाच्या खांबावर टेकवा. मग इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर बघा. दोन्ही आकडे टाका.

ढाळजकर
बॅटरीवर 24.1, इन्व्हर्टरवर 22.5. मेहुण्याचा डीसी क्लॅम्प मीटर लावला, 60 अँपिअर दाखवतो.

तांब्याची तार
म्हणजे बॅटऱ्या ठीक दिसतात. 60 अँपिअर ओढूनही 24 च्या वर आहेत. 1.6 व्होल्ट वाटेत जातायत. 60 ने गुणा: 96 वॉट नुसते वायर आणि थिंबल तापवण्यात! मोटर सुरू होताना करंट दोन-अडीच पट झाला तरी ही घट चार व्होल्टवर जाते, आणि इन्व्हर्टरला वाटतं बॅटरी संपली.

आता मला खटकलेली गोष्ट. तांब्याचा हिशोब सोपा आहे: 0.0175 गुणिले मीटरमध्ये एकूण लांबी, भागिले स्क्वेअर एमएम. लांबी जाऊन-येऊन धरायची, म्हणजे तुमची 14 मीटर. 16 च्या तांब्याला 0.0153 ओहम येतो, 60 अँपिअरला साधारण 0.9 व्होल्ट. तुमचे 1.6 जातात. उरलेले काही थिंबल खात असेल, पण सगळे नाही. वायरचं टोक सोलून एक बारीक तार ब्लेडने खरवडून बघा बरं.

ढाळजकर
आतून पांढरी निघाली हो! वरून तांबूस, आत चांदीसारखी. आणि थिंबल क्रिंप केलेली नाही, हातोडीने चेपलीय. हलवली तर हलते.

तांब्याची तार
वाटलंच. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे ते. तांब्याच्या पैशात विकलं, दुसरं काय.

पण नवी वायर घेण्याआधी जागा बदला. सात मीटरला 35 स्क्वेअर एमएम घातली तरी 60 अँपिअरला 0.4 व्होल्ट जाणार आणि खर्च अंगावर येणार. इन्व्हर्टरच बॅटरीजवळ आणा. तीच 1200 वॉटची गिरणी 230 व्होल्टवर जेमतेम सव्वापाच अँपिअर घेते. त्यामुळे लांबचा प्रवास एसीला (इन्व्हर्टरमधून निघणाऱ्या 230 व्होल्टच्या विजेला) करू द्या, 2.5 ची साधी वायर पुरते. डीसी, म्हणजे बॅटरीकडची वायर, जितकी आखूड तितकी बरी. फक्त इन्व्हर्टर बॅटऱ्यांच्या डोक्यावर टांगू नका, ॲसिडच्या वाफेने आतलं बोर्ड सडतं. भिंतीपलीकडे लावा.

मांजराकाठचा
पाण्याचं कोडं जोडणीत आहे. प्लस पहिल्या जोडीचा घ्या आणि मायनस दुसऱ्या जोडीचा, तिरका. आता दोन्ही एकीकडून असल्याने जवळची जोडी जास्त राबते, आतली आरामात बसते. बॅटऱ्या एकमेकींना जोडणारे जंपरही सगळे 35 चेच आणि सारख्या लांबीचे करा. एकाला उरलेला तुकडा, दुसऱ्याला नवा, असं नको.

आणि प्लसवर फ्यूज आहे का? काहीच बोलला नाहीत.

ढाळजकर
नाही. इन्व्हर्टरजवळ घरातलाच एक एमसीबी आहे.

मांजराकाठचा
अरे बापरे. तो एसीचा. एसीत करंट सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते, डीसीत ती पेटलेलीच राहते. शिवाय तो वायरच्या त्या टोकाला, मधल्या सात मीटरचं काय? उंदराने वायर कुरतडून शॉर्ट झाली तर या बॅटऱ्या हजारो अँपिअर ओततील. 125 अँपिअरचा डीसी फ्यूज, प्लसच्या खांबापासून वीतभर अंतरात. हे आज करा, गिरणी नंतर.

बारा व्होल्ट
35 ची वायर वेल्डिंगच्या दुकानात मिळते, पण तिथेही ॲल्युमिनियमची असते. ब्लेड खिशात ठेवा 😄

ढाळजकर
उशिराबद्दल माफी. पांढऱ्या मातीची दोन हात रुंद भिंत, भोक पाडायलाच अर्धा दिवस गेला. इन्व्हर्टर आता ढाळजेला लागून असलेल्या खोलीत. डीसी वायर एका बाजूने दोन मीटर, 35 ची, तांब्याची (तीन दुकानं फिरलो, दोन ठिकाणी पांढरी निघाली). थिंबल हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घेतल्या, खांबांना व्हॅसलीन लावलं, फ्यूज बसवला, मायनस तिरका घेतला.

गिरणी चालू असताना घट आता 0.2 व्होल्ट. रविवारी दोन पायल्या ज्वारी एका दमात दळली, थिंबल थंडगार.

एकच राहिलं. हायड्रोमीटरवर (ॲसिडची घनता मोजतो, चार्ज जास्त तर आकडा जास्त) दाराजवळच्या दोघी 1210, आतल्या 1235. आणि आईने मधे एकदा फिल्टरचं पाणी टाकलं होतं, आज कबूल केलं.

तांब्याची तार
चार-पाच कडक उन्हाचे दिवस लोड कमी ठेवून पूर्ण चार्ज होऊ द्या, मग पुन्हा मोजा. 1240 च्या आसपास आल्या तर विषय संपला. फिल्टरच्या पाण्यात क्षार राहतात, ते एकदा गेलं ते गेलं. डिस्टिल्डचा कॅन बॅटऱ्यांशेजारीच ठेवा, म्हणजे आईंना शोधावा लागणार नाही.