परलोकावरच्या अद्भुत लघुकादंबरीत यममार्ग पुराणातला घ्यावा की नवा रचावा?

माहुलीकर
सध्या एक लघुकादंबरी लिहितोय. कोरेगावकडच्या एक शिक्षिका वारतात, संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या काठी त्यांना अग्नी दिला जातो आणि तिथून त्यांची वाट सुरू होते. साताऱ्यातल्या मित्रमंडळींनी पहिली प्रकरणं ऐकली. बहुतेकांचं म्हणणं पडलं, परलोक स्वतः रचा, गरुडपुराण कशाला? मला हे पटत नाही. तिथं यमपुरीपर्यंत ८६,००० योजनांची वाट आहे, रोज २४७ योजनं चालायची, मध्ये १६ नगरं. सौम्यपुरात पुष्पभद्रा नदी आहे, वड आहे. प्रेत तिथं विसावतं आणि त्याला बायकापोरं आठवतात. विचित्रभवनात यमाचा धाकटा भाऊ राज्य करतो. मग वैतरणी, तिचे नावाडी. याहून अद्भुत मी काय रचणार? आणि रचलं तरी आपल्या माणसाला ते दहाव्याच्या घाटाइतकं जवळचं वाटेल का?

हरिपूरचा वाचक
तीव्र असहमत. तुम्ही वैतरणीपाशी फार लवकर थांबलात. नावाडी काय विचारतात तेही सांगा की. गोदान केलंय का? केलं असेल तर नावेत बस. हे पुराण आपल्याकडं वाचतात कधी, तर घरात सुतक असताना. ऐकणाऱ्याचं माणूस नुकतंच गेलेलं असतं, त्याला नाही म्हणायची ताकद नसते. आमच्या घरी आजोबा गेले तेव्हा आईनं उसने पैसे घेऊन दानं केली, ते पैसे फेडताना तिचे झालेले हाल मी पाहिलेत. जोतीराव फुल्यांचं मूळ गाव कटगुण सातारा जिल्ह्यातलं. १८७३ साली सत्यशोधक समाज उभा राहिला तो भटजींच्या याच मध्यस्थीविरुद्ध. डॉ. दाभोलकर साताऱ्याचेच. त्याच मातीत बसून ती भीती पुन्हा देखणी करून देऊ नका, ही कळकळीची विनंती.

कराडकर
शिक्षा मात्र गाळू नका. भागवतात २८ नरक सांगितलेत. वाचक त्यासाठीच पुस्तक हातात घेणार.

वाईची
कराडकर, शिक्षांची यादी चार पानांत कंटाळवाणी होते. माणूस तिथं काय करतो, यावर गोष्ट उभी राहते.
हरिपूरकर, तुमचा राग रास्त आहे, पण भीतीला नकार देणारेही पुराणांतच आहेत. मार्कंडेयपुराणातला राजा विपश्चित बघा. किरकोळ चुकीपायी नरकात येतो, लगेच सुटतोही. निघताना पापी ओरडतात, थांब, तुझ्या अंगावरून येणाऱ्या वाऱ्यानं आमच्या वेदना शमतात. तो थांबतो. न्यायला इंद्र आणि धर्म आले तरी हलत नाही, शेवटी आपलं पुण्य देऊन सगळ्यांना सोडवतो. महाभारताच्या स्वर्गारोहणपर्वात युधिष्ठिरही नरकात भावांचे आवाज ऐकून देवदूताला परत पाठवतो, मी इथंच राहणार म्हणतो. माहुलीकरांनी नगरांच्या नावांत रमण्यापेक्षा हा धागा पकडावा.

हरिपूरचा वाचक
ताई, विपश्चित मलाही आवडतो. पण तो राजा, वाटायला त्याच्या गाठीशी पुण्य होतं. माहुलीकरांच्या बाईंकडं काय आहे?

माहुलीकर
त्यांच्याकडं पोहणं आहे. कृष्णेत पोहायला शिकलेली बाई ती. गोदान झालेलं नाही म्हणून नावाडी नाकारतात, तेव्हा ती काठावर अडकलेल्यांना एकेक करून वैतरणीत उतरवते. रक्ताची नदी, मगरी, सगळं तसंच ठेवलंय. नदी खरी भयंकर असल्याशिवाय तिच्यात उतरण्याला काय किंमत?

वाईची
हे प्रकरण आधी लिहा. बाकीची नगरं नंतर बघू.

हरिपूरचा वाचक
प्रसंग चांगला आहे, मनापासून सांगतो. तरी माझा विरोध कायम. पार व्हायची रीत बदलली, नदी आहे तिथंच राहिली. कावळा शिवत नाही म्हणून घाटावर ताटकळलेली बाई उद्या हे वाचेल. आपलं माणूस त्या रक्तात पोहतंय, एवढंच तिच्या मनात राहिलं तर? त्या वाचकिणीसाठी पुस्तकात काय आहे, ते मला सांगा.